कुंकवाचा ठिपका अन्‌ सातवीचं इज्ञान

मी दुसरी शिकलेली बाई. ती बी पुरी न्हाई. बाजरीची राखण आली अन्‌ शाळा सुटली. पर आमच्या पडवीत तीन वर्सं इज्ञानाची शाळा भरली व्हती, अन्‌ त्या शाळेत मी बी व्हते. ती कशी भरली ते सांगते.

आमचं गाव आळेफाट्यापासनं आत, कालव्याच्या खालतं. नात चौथी पास झाली अन्‌ त्याच उन्हाळ्यात लंगडाया लागली. आमाला वाटलं, पडली आसंल कुठं. चोळलं, शेकलं. मंग पुण्याला सरकारी दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणला, खुब्याच्या हाडाचा टीबी. कमरेपासनं पावलापतूर पलिस्तर घातलं. ते दीड वरीस, अन्‌ पुढं कुबड्या. दोन दुभत्या म्हशी व्हत्या, त्या दवापाण्यापायी इकल्या. मपला ल्योक भोसरीला कंपनीत, म्हैन्यातनं दोनदा यायचा. रडलो का? एक दीस रडलो. दुसऱ्या दिशी कांद्याची खुरपणी व्हती.

गावातली शाळा चौथीपतूर. पुढची शाळा वढ्यापल्याड, चालत पाऊण तास. खाटंवरली पोर तिथं कोण नेणार? सून तिथल्या हायस्कुलाच्या हेडमास्तरांना जाऊन भेटली. माणूस भला, पर नेमाचा. म्हणले, "मुलगी चालायला लागली की आणा. मी स्वतः तपासतो. सातवीपर्यंतचं येत असेल तर तिच्या मैत्रिणींबरोबर आठवीत बसवतो. नाही आलं तर पाचवीपासून."

पोरीनं हे आयकलं अन्‌ खाटंवरनं बोलली, "बारक्या पोरांत कुबड्या घिऊन मी न्हाई बसायची. मंग शाळाच नको मला."

ती बोलली ती बोलली. हट्ट आमच्या घराण्याचा हाय. तवा आमाला कळून चुकलं, हिला आठवीत बसवलं तर शाळा, न्हायतर चूल.

मराठी, गणित सुनंनं निभावलं. इंग्रजी बी रडतखडत. घोडं आडलं ते इज्ञानापाशी. सून दहावीपतूर शिकलेली, अन्‌ नेमकी इज्ञानात नापास झालेली. हे साऱ्या गावाला ठावं. मपली धाकटी जाऊ शेजारीच राहती. जीभ तिची इळ्यावाणी. दारात यिऊन म्हणली, "आता नापासाची पोर पास व्हनार म्हणं!"

सून भाकरी थापत व्हती. मान वर न करता म्हणली, "काकी, नापास झाले म्हणून तर ठावं हाय, कुठं आडतं ते."

मला त्या दिवसापासनं सुनंचं मनातनं कौतिक वाटाया लागलं. तोंडावर कदी बोलले न्हाई.

तिनं तिन्ही वर्सांची पुस्तकं गावातल्या पोरांकडनं जुनी आणली. एकाला तर पुठ्ठाच नव्हता. मंग भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं काढली, उलटी केली, दाभणानं सुतळी घालून शिवली. कोऱ्या बाजूला म्हैन्यांची नावं लिवली. पुस्तकात पयला धडा कंचा, दुसरा कंचा, ते तिनं पार बाजूला ठिवलं. दुपारची भांडी झाली की बसायची, एकेक धडा वाचायची अन्‌ मला इचारायची, "आत्या, हे आपल्याकडं कंच्या म्हैन्यात दिसतं?"

मला! मी म्हणायची, बी उगवायचं आषाढात दिसतं. कांदा सडायचा भादव्यात, वखारीत हात घाल, कळंल. सावली लांब पौषात. ती लिवून घ्यायची. आठ दीस आसं चाललं. बाराही म्हैने भरले तवा तिनं पान भिंतीला लावलं. आपल्या शेताचं वरीस जसं चालतं तसंच पोरीचं इज्ञान चालायचं व्हतं.

तिचे नेम दोन. इकत काय आणायचं न्हाई. चुलीपाशी न्हायतर भंगारात गावंल तेच. अन्‌ जे करायचं ते खाटंवरनं दिसलं पायजे.

तिसरा नेम माझ्या डोक्यावर आला. सून म्हणली, "आत्या, धडा झाला का न्हाई हे मी न्हाई ठरवायची. पोरीनं तो तुमाला समजून सांगायचा. तुमाला कळला तर झाला."

"मला काय कळतंय ग?"

"म्हणूनच."

धडा मला कळला, की मी करंड्यातलं कुंकू बोटाला घ्यायचं अन्‌ त्या धड्याच्या नावापुढं ठिपका द्यायचा. ठिपका न्हाई तवर पुढला धडा न्हाई. पोरगी पयल्यांदा लई चिडली. "आजीला तीनतीनदा सांगावं लागतं!" सून म्हणायची, "मंग चौथ्यांदा सांग."

खरं सांगते, त्या पोरीनं मला पौषात पडवीच्या मेढीची, म्हंजे खांबाची, सावली दाखवली. सकाळ, दुपार, सांज, सून चुन्यानं रेघा मारायची अन्‌ पोरगी खाटंवरनं सांगायची, हितं मार, हितं. चाळीस वर्सं मी त्या सावलीत बसले, पर ती उन्हाळ्यात आखूड का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिशी ठिपका मी अंगठ्याएवढा दिला.

एकदा मात्र मी घोळ केला. सुनंनं खाटंखाली दोन वाट्या ठिवल्या व्हत्या. एकीत वल्या फडक्यात मटकी, एकीत कोरडी. पोरगी रोज मोड मोजायची, वहीत काढायची. मी रानातनं आले, घरात भाजी न्हाई, अन्‌ बघते तर खाटंखाली ह्ये लांब मोड आलेली मटकी. मला काय ठावं? फोडणी दिली. जेवताना पोरगी घास तोंडात धरून बघतच राह्यली.

"आई, ही मटकी कुठली?"

सून माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं. मंग सुनंनं पदर तोंडाला लावला. "आत्या, तुमी प्रयोग खाल्ला!"

पोरगी रडली, मंग हसली, मंग म्हणली, "मीठ कमी हाय प्रयोगाला." पुन्यांदा मटकी भिजवली. ह्या बारीला वाटीवर कागद चिटकवला. मला धड वाचता येत न्हाई म्हणून त्यावर हात जोडल्याचं चित्र काढलं.

चैतात गावची जत्रा. बोकडं पडत्यात. मी माळकरी, आमच्या घरात ते येत न्हाई. पर शरीराचा धडा सुनंनं मुद्दाम जत्रंच्या म्हैन्यात टाकलेला. भीत भीत मला म्हणली, "आत्या, खाटकाकडनं फुफ्फुस आणू का? घरात न्हाई, गोठ्यात." मी गळ्यातल्या माळंला हात लावला. मंग म्हणले, "खाट गोठ्यात न्यावी लागंल. मी पायथ्याकडनं धरते."

परातीत ते ठिवलं. सुनंनं पपईच्या पानाचा देठ तोडला, ती पोकळ नळी नरड्यात घातली अन्‌ फुंकली. ते गुलाबी मांस पिशवीवाणी फुगलं, अन्‌ सोडल्यावर हळूच बसलं. मी नदर फिरवली व्हती, पर एका डोळ्यानं बघितलं. पोरगी आपल्या छातीवर हात ठिवून म्हणली, "आजी, हे तुझ्यात बी हाय. आता चाललंय." त्या दिशी आंघोळ करून ठिपका दिला. माळंची माफी मागितली.

पलिस्तर निघालं तवा पाय काठीवाणी बारीक झाला व्हता. कुबड्या आल्या. पोरगी पडायची, उठायची, रातभर खुबा ठणकायचा. तिसऱ्या वर्साचं पान भिंतीला लागलं. त्यात इजेचा धडा व्हता. त्या दिशी पोरीला ताप. तरी ती बॅटरीतले सेल काढून मला सांगाया बसली. म्हणली, इज जाती, दिव्यातनं परत सेलकडं येती.

मी म्हणले, "परत कशाला? पाटाचं पाणी वाफ्यात गेलं की परत कुठं येतं?"

तिला बी सांगता येईना. डोळं तापानं लाल. मला बघवंना. मी म्हणले, "कळलं ग बाई, कळलं. नीज आता." अन्‌ बोट कुंकवात बुडवून ठिपका दिला.

सुनंनं संध्याकाळी बघितलं. "कळलं का आत्या?"

"कळलं की."

माझ्या हातनं झालेलं हे खोटं. मटकीवर आमी वर्सभर हसलो. ह्याच्यावर मी कुणापाशी बोलले न्हाई.

जूनला आमी तिघी बैलगाडीनं हायस्कुलात गेलो. सुनंनं कॅलेंडरची पानं गुंडाळून संगं घेतली. जाऊ दारात उभी. म्हणली, "नापास झाली तर सांजच्याला सांगा हां, चहा ठिवते." सून म्हणली, "पास झाली तरी ठिवा, काकी."

हेडमास्तर सोता इज्ञान शिकवायचे. गणित, मराठी त्यांनी मघाच उरकलं. मंग इज्ञान. पोरगी धडाधडा बोलत व्हती. फुफ्फुसाचं तर तिनं आसं सांगितलं की ते म्हणले, "हे पुस्तकात नाही." पोरगी म्हणली, "गोठ्यात हाय, सर."

मंग त्यांनी इचारलं, "सेल आहे, दिवा आहे. एकच तार जोडली. दिवा लागेल?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं, मंग आईकडं. हळूच म्हणली, "लागंल."

हेडमास्तरांनी पेन खाली ठिवलं. सून पानं उलगडाया लागली. "सर, हा धडा झालाय. हे बघा, ठिपका हाय."

मी उभी राह्यले. म्हणले, "सर, त्यो ठिपका खोटा हाय. मला कळलं नव्हतं. पोरीला ताप व्हता, म्हणून दिला. चूक पोरीची न्हाई, मपली हाय."

सून माझ्याकडं बघतच राह्यली. हेडमास्तरांना ठिपक्याची गोष्ट ठावी नव्हती. त्यांनी सगळी इचारली. सुनंनं सांगितली, कॅलेंडर, म्हैने, नेम. ते लई येळ पानं बघत बसले. मंग उठले, कपाटातनं एक सेल, बारका दिवा अन्‌ दोन तारा काढल्या अन्‌ पोरीपुढं ठिवल्या.

"मला सांगू नकोस," म्हणले. "आजीला सांग. त्यांना कळलं तर झालं."

पोरीनं एक तार लावली. दिवा न्हाई. ती बघत राह्यली. दुसरी लावली, लागला. एक काढली, गेला. आसं पाचसहादा केलं. मंग ती माझ्याकडं वळली.

"आजी, तू मोटंचं सांगतीस ना? बैलं मोट वढत धावंच्या उतारावरनं खाली जात्यात?"

"जात्यात."

"मंग माघारी वर येत्यात का न्हाई?"

"न्हाई आली तर दुसरी मोट कशी भरंल?"

"तेच. ह्यो पाट न्हाई आजी. ही मोट हाय. बैल माघारी येयाला ही दुसरी तार."

मी साताठ वर्सं मोट हाकली हाय. नवरा आजारी असताना एकटीनं. मला चटकन कळलं. मी म्हणले, "कळलं." अन्‌ मंग सरांकडं बघून म्हणले, "ह्या बारीला खरंच."

हेडमास्तर हसले. रजिस्टर वढलं. सुनंला म्हणले, "आठवी. सहामाहीपर्यंत बघू, पण मला काळजी वाटत नाही." मंग इचारलं, "ताई, ही पानं चार दिवस ठेवू का? आमच्या मास्तरांना दाखवतो."

नापास झालेल्या सुनंचं कॅलेंडर हायस्कुलाच्या मास्तरांपुढं. तिनं पदर सारका केला नुसता.

गाडीत मी म्हणले, "सुनबाई, खोटं बोलले तुझ्याशी."

"व्हय," ती म्हणली. पोरीच्या कुबड्या सारक्या ठिवल्या. मंग म्हणली, "पानं परत आली की त्या ठिपक्याशेजारी दुसरा द्या."

दिला. पानं आता पिवळी पडल्यात, चैत-वैशाख उंदरांनी खाल्ला. पर इजेच्या धड्यापुढं दोन ठिपके हायत, एक फिका, एक गडद. हायस्कुलातनं आलो त्या सांजंला जाऊनं चहा ठिवला व्हता. साखर जास्त घातली व्हती.