दिसायच्या आधी

आमच्या शेजारच्या काकू मुलाचा जुना कॉम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडून रोज दुपारी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात. सोफ्याच्या काठावर ताठ बसतात, आणि पडद्यावर वळण यायच्या आधीच त्यांच्या बोटांनी गाडी वळवलेली असते.

एकदा मी म्हणालो, "काकू, तुमच्या टीव्हीवर चित्र जरा उशिरा येतं. सेटिंग बदलून देऊ का?"

"नको रे. डोळ्यांवर विसंबले की भिंतीवर आदळते मी. आता सवय झालीय, दिसायच्या आधी वळायची."

हल्ली मी बेल दाबायच्या आतच त्या दार उघडतात. माझा प्रश्न अर्धा असतानाच उत्तर देतात, आणि ते बरोबर असतं.

गेल्या सोमवारी मी सिन्नरला कामावर निघालो, तेव्हा गेटपाशी त्यांनी माझ्या स्कूटरचं हँडल घट्ट धरलं.

"थांब."

समोरचा रस्ता रिकामा होता. काकू मात्र डावीकडून उजवीकडे सावकाश मान वळवत काहीतरी जाताना बघत होत्या. मग त्यांनी हात काढला.

"गेलं. नीघ आता."

मी स्कूटर सुरू करून निघालो. वाटेतल्या द्वारका चौकापर्यंत पोहोचलो, तेव्हा लक्षात आलं: काकूंना सगळं आधी दिसतं, म्हणजे त्यांच्यासाठी जे गेलं ते माझ्यासाठी अजून यायचंय. तिथूनच स्कूटर वळवून घरी परत आलो.