सगळ्यांचं खातं

वाल्देलीसीनं त्या सोमवारी खोलीतल्या सहाही कॉम्प्युटरांना आपलं स्वतःचं वय सांगितलं. सिस्टीमची नवी आवृत्ती चढवल्याबरोबर पडद्यावर प्रश्न आला होता : वापरणाऱ्याची जन्मतारीख काय? वापरणारं माणूस एकच असतं तर खरं उत्तर देता आलं असतं. पण बाहिया प्रांतातल्या त्या खाडीकाठच्या गावात, मच्छीमार संघाच्या खोलीत, सुरुवातीपासून एकच खातं होतं आणि त्याचं नावच ‘सगळ्यांचं’ असं होतं. खाजणातून शिंपल्या काढून आलेली बाई चिखलाचे पाय बाहेर धुवायची, आत येऊन बसायची, काम उरकायची आणि उठून जायची. तिला नाव-वय कोणी विचारत नसे. खोली अशीच चालायची, हा वाल्देलीसीचा हट्ट होता.

कॉम्प्युटर एका बँकेनं टाकून दिलेले. नवऱ्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात हात बसलेला, त्यामुळे नवरा गेल्यावर तिनं एकेक मशीन उघडून दुरुस्त केलं आणि त्यांवर एक फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम घातली. फुकट म्हणून गावाला तिचं कौतुक; वाल्देलीसीला मात्र ती उघडी आहे याचं अप्रूप. आत काय चाललंय ते कोणीही वाचावं, नको ते काढून टाकावं. जगभरची माणसं आपला वेळ घालून ती बनवत होती. मग लेकरांना इंटरनेटवर जपायचा कायदा आला, दंडाचे आकडे आले आणि त्या माणसांनी घाबरून वयाचा प्रश्न थेट सिस्टीमच्या पोटात बसवला. आता कॉम्प्युटर प्रत्येक खेळाला, प्रत्येक संकेतस्थळाला सांगत सुटणार होता : इथे मूल बसलंय, इथे मोठं माणूस. एखाद्या कंपनीनं हे केलं असतं तर वाल्देलीसी चिडली नसती. हे आपल्यातल्यांनी केलं होतं.

गावात तिची खरी वैरीण नाईर. नाईरच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या दिवशी वाल्देलीसीनंच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना ‘कोमाद्री’, म्हणजे धर्माच्या नात्यातली बहीण, म्हणत. अलीकडे हा शब्द थुंकल्यासारखा निघे. आदल्या वर्षी नाईरचा अकरा वर्षांचा नातू याच खोलीत खेळ खेळत होता. पलीकडून कोणी पुरुष मुलगा बनून बोलत राहिला, फोटो मागत राहिला, आणि पोरानं ते पाठवले. वाल्देलीसी तेव्हा मागच्या बाजूला कॉफी गाळत होती.

“त्रेसष्ट!” संघाच्या सभेत नाईर उभी राहून ओरडली. “माझा नातू खुर्चीत बसला की मशीन म्हणतंय, म्हातारी बसलीय. वा, कोमाद्री! कायदा लेकरांसाठी आला आणि तू त्याच्याशीही खोटं बोललीस!”

“मग काय सांगू? अकरा? म्हणजे ज्याला लेकरं हवीत त्याला आपल्याच मशीननं बोट दाखवायचं, या खुर्चीत बसलंय बघ म्हणून?”

“त्या हरामखोराला मागच्या वर्षी कुठल्या मशीननं बोट दाखवलं होतं गं? तुझी खोली उघडी होती, तेवढं पुरलं त्याला.”

 वाल्देलीसी खाली बसली.

“बायांनो, दंड संघाला होणार,” अध्यक्ष आदेर्बाल घाम पुसत म्हणाला. “ज्याचं त्याचं वेगळं खातं, ओळखपत्र आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा. विषय संपला.”

“सेउ आदेर्बाल,” वाल्देलीसी मानाचा शब्द लावून म्हणाली, “आणि हे चेहरे कुठे जाऊन पडणार, ते विचारलंत?”

“तू काय बाजारात तोंड झाकून फिरतेस?” मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. हात वर झाले. खातं सगळ्यांचंच राहू द्यावं, हा वाल्देलीसीचा ठराव पडला.

तिनं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी सिस्टीम उघडून तो प्रश्नच तिनं कापून काढला. तो हक्क सिस्टीम बनवणाऱ्यांनीच तिला दिला होता. खातं पुन्हा सगळ्यांचं झालं. मग मासेमारीबंदीचा मोसम आला आणि बाया भत्त्याचे अर्ज भरायला आल्या. सरकारी संकेतस्थळ उघडलं की पडद्यावर एकच ओळ : हे मशीन विश्वासार्ह नाही. सहाही मशीनांवर तीच.

“दोना वाल्देलीसी,” एकीनं ‘बाईसाहेब’च्या थाटात विचारलं, “तुमचं स्वातंत्र्य तळून खायचं का आम्ही?”

“राहू दे गं, त्या खेकड्यांना समजावतील, बंदी उठली म्हणून!” दुसरी म्हणाली.

तेव्हा तिला सगळा डाव कळला. काढायची मुभा होती; पण जो काढेल त्याला कुठल्याच दारात उभं करायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. गुरुवारी दिवसभर बसून तिनं स्वतःच्या हातांनी तो प्रश्न परत बसवला, वर कॅमेरा लावला आणि ‘सगळ्यांचं’ हे खातं पुसून टाकलं. 

शुक्रवारी दुपारी रांगेत आदेर्बालनंतर नाईर, डोक्याला धुतलेलं पांढरं फडकं बांधून. आदेर्बालचा गोरटेला चेहरा कॅमेऱ्यानं पहिल्या झटक्यात घेतला. नाईर बसली. ‘चेहरा दिसत नाही. उजेडात या.’ ती पुढे सरकली. ‘चेहरा दिसत नाही.’ खुर्ची खिडकीकडे फिरवली. तेच. चेहरा कशाला म्हणायचं हे त्या कॅमेऱ्याला ज्यांनी शिकवलं, त्यांनी नाईरसारखा काळा कुळकुळीत चेहरा फारसा दाखवलेला नसावा. रांगेत कोणी तरी फिसकन हसलं.

“आंधळं आहे का गं हे?” नाईर चवताळली. “तू सांग ना त्याला, मी कोण ते!”

“माझं ऐकणारं मशीन तूच काढायला लावलंस, कोमाद्री.”

“हसू नकोस.”

“हसत नाहीये.”

नाईरनं फडकं सोडून तोंड पुसलं, हनुवटी वर केली आणि परत कॅमेऱ्याकडे पाहिलं. टेबलाखाली मोठा दिवा होता, हात पोचेल इतका जवळ. तो लावला असता तर कदाचित काम झालं असतं. वाल्देलीसीनं हात मांडीवरच ठेवले. खोली बंद होईपर्यंत नाईरचा अर्ज भरला गेला नाही.