रविवारचा मोर्चा

आमच्या आत्यानं जन्मात कधी भाषण केलं नाही. ती निंदणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. रानात प्रत्येकीला आपापली पात, म्हणजे खुरपायचा पट्टा. आत्याचा कायदा एकच: शेवटच्या बाईची पात बांधाला लागल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. जी मागं पडली, तिच्या पातीत सगळ्यांनी शिरायचं.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी पुढारी आमच्या वस्तीत घसा बसेस्तोवर बोलून गेले होते. लोकांनी माना डोलवल्या अन् घरी जाऊन जेवले. आत्या दारोदार फिरली आणि एवढंच म्हणाली, बाजाराच्या दिवशी परभणीला मोर्चा न्यायचाय, भाकरी बांधून घ्या. झाडून सगळे निघाले. बाजाराचा दिवस का, तर त्या दिवशी रानात काम नसतं. आमचा बाजार रविवारी भरायचा. शिकलेले चार जण होते, त्यांना तरी कळायला पाहिजे होतं. पण आत्याला सांगायची छाती कुणाची?

माझा बाप म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एका मालकाकडं सालगडी. मालकानं बजावलं होतं, सोमवारी सकाळी गोठ्यात दिसला नाहीस तर साल मोडलं समज. बाप म्हणाला, दिवस मावळायच्या आत येतो की.

पायी परभणी गाठली. घोषणा देत कलेक्टर कचेरीपुढं आलो, तर फाटकाला कुलूप. आत एक कुत्रं पडलेलं होतं, त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं. चौकीदार म्हणाला, साहेब उद्या येतील.

लोक बापाकडं बघायले, बाप आत्याकडं. मला तिचा असा संताप आला होता! तिनं चपला काढल्या आणि फाटकापुढं बसली.

"चूक माझी हाय. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं," ती म्हणाली. "माझी पात अजून बांधाला लागली न्हाई."

बाया बसल्या. मग बाप्ये बसले. सगळ्यात शेवटी बाप बसला आणि त्यानं भाकरीचं फडकं सोडलं.

सोमवारी साहेबांनी निवेदन घेतलं, बघतो म्हणाले. मालकानं काही बघितलं नाही, साल मोडलं.

मंगळवारी आत्यानं बापाच्या हातात खुरपं दिलं. बायांच्या टोळीत एकटा बाप्या, गाव दात काढायलं. नांगर धरणाऱ्या हाताला खुरपं काही जमेना. बाया बांधाला लागल्या तरी बाप अर्ध्या रानातच. शरमेनं मान वर करीना. केली, तर अख्खी टोळी समोरून त्याच्याच पातीत खुरपत येत होती, आत्या सगळ्यांच्या पुढं. बाप ढसाढसा रडला. आत्या म्हणाली, रडतोस काय, हात चालव.

नामांतर झाल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा आत्या राहिली नव्हती. बाप थकला होता. त्यानं मला विचारलं, आज वार कोणता? मी म्हणालो, शुक्रवार.

"म्हंजी कचेरी उघडी हाय," बाप म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.