घड्याळ पाहून येणारी थंडी

इंजेक्शन दिल्यावर शमीम सिस्टर लगेच पुढच्या पेशंटकडे जात नसत. स्टूल ओढून पायथ्याशी बसत, पेशंटच्या तळपायावर हात ठेवत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहत. गडचिरोलीतल्या त्या लहानशा दवाखान्यात मी रक्ताच्या काचपट्ट्या तपासायचो. "सिस्टर, नोकरी सुया टोचायची आहे की पाय दाबायची?" असं चिडवलं की त्या म्हणत, "थंडी पहिले पायात उतरते भाऊ. कागदावर मागून येते."

चंद्रपूरच्या शिंप्याची ही मुलगी. बोलणं तुटक, नजर बारीक, आणि एकदा संशय आला की तो सोडायचा नाही.

पार्वताबाईंची किडनी खराब होती. रक्त वाढावं म्हणून त्यांना जिवंत पेशींपासून बनवलेलं एक इंजेक्शन सुरू झालं. पहिल्याच दिवशी तासाभरात त्या थंडीनं थरथरायला लागल्या. आमच्याकडे कुणी कुडकुडलं की हिवताप, हे शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टरांनी तेच लिहिलं. माझ्या काचपट्टीत हिवतापाचा जंतू नव्हता, पण सुरुवातीला कधीकधी तो दिसत नाही, म्हणून मीही मान डोलावली. सिस्टर एकट्याच म्हणाल्या, "मलेरिया असा घड्याळ पाहून येत नाई. औषधातच काहीतरी हाये."

त्यांच्या हट्टापायी त्याच खेपेतल्या बाटल्या तपासणीला गेल्या. जंतू मेले तरी त्यांचं विष औषधात उरतं; ते शोधणारी ही चाचणी. "साप मेला तरी त्याचा दात मरत नाई," असं त्या मला समजावत. अहवाल आला: औषध शुद्ध. मग दुसरं इंजेक्शन सिस्टरनीच दिलं, स्वतःच्या हातानं. पार्वताबाई त्याच संध्याकाळी गेल्या. कागदावर हिवताप राहिला.

त्यांची मुलगी सुगंधा भिंतीशी बसून होती. सरकारनं वाटलेली मच्छरदाणी तिनं मासे धरायला नदीवर नेली होती. आमच्याकडे बरीच घरं नेतात. "माह्यामुळंच गेली माय," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

सिस्टर अर्जावर अर्ज करत राहिल्या. वरचे साहेब हसले. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलू. शेवटी कुणीतरी तेच औषध सशांना टोचून पाहिलं आणि सशांना ताप भरला. औषध टिकावं म्हणून घातलेला साबणासारखा एक पदार्थ विषाला वेढून बसत होता, त्यामुळे नळीतल्या चाचणीला ते दिसतच नव्हतं. ती सगळी खेप परत गेली.

खेप परत घेतल्याचं पत्र आलं तेव्हा सिस्टर निवृत्त होऊन चंद्रपूरला अंथरुणाला खिळल्या होत्या. मी ते घेऊन गेलो. वाटलं, खूश होतील. त्यांनी घडीसुद्धा उघडली नाही.

"पार्वताच्या पोरीले सांगतलं काय?"

"नाही अजून."

"मले चालता येत नाई. तुमीच जा भाऊ. बाई तं वापस येत नाई, पण पोरगी हाये."

जातो म्हणालो. मग तापाची साथ आली, मग साहेबांची तपासणी आली. खरं कारण एकच होतं, त्या मुलीसमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. दरम्यान सिस्टर गेल्या. त्यांच्या मातीला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सुगंधाचं गाव गाठलं.

वैशाखातली दुपार होती. ओसरीवर तिची दोन्ही लेकरं मच्छरदाणीत घामानं निथळत झोपली होती. कडा चारही बाजूंनी गोधडीखाली खोचलेल्या. मी सगळं सांगितलं, सिस्टरनी पाठवलं हेही. मग वाकून तिनं मच्छरदाणीची एक कड वर केली.

"सिस्टरनं कधी सांगतलं होतं तुमाले?"

"दिवाळीत," मी म्हणालो.