शेवटापासून सुरुवात

पुण्यातल्या एकूण एक माणसांचं नियोजन माझ्या थोरल्या नणंदबाईंवर सोपवलं असतं, तर या शहरात कुणाचं दूधसुद्धा उतू गेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. वन्सं येरवड्याच्या एका कॉलेजात व्यवसाय शिक्षणाच्या मुलांना उद्योगधंदे आपल्या योजना कशा आखतात ते शिकवायच्या, आणि कॉलेज सुटलं तरी त्यांचा तास सुटत नसे. योजना शेवटाकडून सुरुवातीकडे आखायची, हा त्यांचा मंत्र. आमच्याकडे गणपतीच्या मोदकांची बोलणी नारळापासून नव्हे, मोदकपात्र घासणार कोण, इथून सुरू होत. भावासाठी मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं, गाण्याचं काही विचारलं नाही. "म्हातारपणी कुठे राहायला आवडेल तुला?" एवढंच विचारलं. मी घाबरून "पुण्यातच" म्हणाले आणि पास झाले.

मुलं मात्र त्यांच्यावर जीव टाकत. एकदा वर्गातल्या एका मुलीनं हिंजवडीत मोठ्या कंपनीच्या फाटकासमोर उसाच्या रसाचं दुकान काढायची योजना मांडली. एवढी माणसं, एवढं ऊन, धंदा धो धो चालणार! वन्संनी वाद घातला नाही. संध्याकाळी सगळा वर्ग घेऊन त्या फाटकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. माणसं आतच बसमध्ये चढली आणि बाहेर आल्या त्या नुसत्या बसगाड्या.

"मॅडम, इथं तर कुणी पायीच चालत नाही!" मुलगी रडवेली झाली.

"रडतेस काय? आज हे फुकट कळलं. दुकान टाकून कळलं असतं म्हणजे? आता चालणारी माणसं शोध."

मुलीनं कसबा पेठ शोधली. तिथे चालण्यावाचून कुणाला इलाजच नाही, त्यामुळे दुकान झकास चाललंय. वन्सं अजूनही तिथे गेल्या की रस पिण्याआधी चिपाडं कुठे टाकतेस ते विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाची आखणीही त्यांनीच केली, अर्थात खुर्च्या परत कोण लावणार इथपासून. पण जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या सोमवारी मी सहज त्यांच्या घरी डोकावले, तर वन्सं इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन कोचावर बसलेल्या. सवयीनं तयार झाल्या होत्या आणि जायला कुठे नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांचाच प्रश्न त्यांना केला, "वन्सं, शेवटी काय हवंय ते आधी सांगा बघू."

पर्सच्या बंदाशी चाळा करत वन्सं म्हणाल्या, "सगळ्यांचं ठरवलं गं. स्वतःचं कॉलेजच्या फाटकापर्यंतच धरलं होतं. कुणी विचारायला यावं, बास. दुसरं काही नको."

तेव्हापासून मी दर सोमवारी कुठल्यातरी धंद्याची योजना घेऊन त्यांच्याकडे जाते. फराळाचा झाला, पाळणाघराचा झाला, सध्या लोणच्याचा चाललाय. यातला एकही मी उभा करणार नाही, हे वन्संना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या साडी नेसून तयार असतात आणि दार उघडताच म्हणतात, "बस. शेवटी काय हवंय ते आधी सांग." मी लोणच्याविषयी काहीतरी सांगते. शेवटी मला हवंय ते त्यांनी दर सोमवारी असंच दार उघडावं एवढंच, पण हे काही मला त्यांच्या तोंडावर सांगता येत नाही.