आंब्याच्या फाळक्यांची वाटणी

माझ्या अंगणात गिटारचं लाकूड वाळत होतं आणि सगळ्या गल्लीला वाटत होतं, मी बापाच्या सरणाची सोय करून ठेवतोय. यात गल्लीची काय चूक? काहीच नाही, म्हणूनच तर तोंड लपवावंसं वाटतं.

झालं असं, की मागच्या अंगणातला आंबा वादळात पडला. जुना, सरळ बुंध्याचा. बाबा तेव्हा आधीच खाटेवर होते. मांडीचं हाड मोडलेलं, वय ऐंशीच्या पुढचं, डॉक्टरांनी मान हलवून घरी पाठवलेलं. त्यांची खाट ओसरीत, तोंड अंगणाकडे. आणि मी, सरकारी कचेरीतला पन्नाशी उलटलेला बाबू, मोबाइलवर पाहून पाहून घरी गिटार करायचं वेड घेऊन बसलेला. बुंधा पाहिला आणि माझ्या डोळ्यांसमोर गिटारची पाठ, बाजू, दांडी सगळं नाचायला लागलं.

आरा मशीनवाल्याने फळ्या पाडून दिल्या असत्या. पण पाचर ठोकून फाडलेलं लाकूड आपल्या रेषेतच फुटतं, पुढे वाकत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून पाचरी घातल्या, घण मारले आणि बुंधा उभा चिरला. दोन-दोन हात लांब फाळके निघाले. मग मेणबत्त्या वितळवून प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांना मेण फासलं, कारण लाकडातलं पाणी टोकांतून आधी उडतं आणि तिथेच तडा जातो. पुढच्या अंगणात विटांवर थर रचले, वारा खेळावा म्हणून थराथरांत पट्ट्या घातल्या, वरून पत्रा टाकला. असं निदान वर्षभर ठेवायचं. दर रविवारी खालचं वर, वरचं खाली.

आणि आमच्याकडची रीत अशी, की घरात कोणी खाटेला खिळलं की आंब्याची लाकडं गुपचूप वाळवून ठेवायची. भर पावसात ओलं लाकूड पेटत नाही, ऐनवेळी धावाधाव नको. कोणी त्यावर बोलत नाही. येणारा-जाणारा बघतो आणि समजून घेतो. मला ही रीत ठाऊक नव्हती का? होती ना! पण गिटारच्या नादात अक्कल चरायला गेली होती.

बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कायले रचून राह्यला?"

मला सांगायची लाज वाटली. या वयात गिटार म्हणे! मी म्हटलं, "असू द्या, कामी येईल." ते "हौ" म्हणाले. त्यानंतर रोज विचारायचे, "वाळलं का?" मी खूश! वाटायचं, बाबांना आपल्या कामात गोडी लागली. एकदा मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "अजून वर्ष लागते, बाबा." ते म्हणाले, "एवढं?" आणि भिंतीकडे पाहत राहिले.

अवकाळी पाऊस आला त्या दिवशी तर मी कहरच केला. थेंब ओसरीत शिरत होते, बाबांची गोधडी भिजत होती आणि मी ताडपत्री घेऊन धावलो ते ढिगाकडे! आई ओरडली तेव्हा कुठे खाट आत ओढली.

मग वारासिवनीहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. फाटकातूनच ढीग पाहिला, मेणाने चकाकणारी तोंडं पाहिली आणि पदर तोंडाला लावला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काहून रे, तूपही आतापासूनच चोपडून ठेवलं? माणूस जिता हाये ना अजून!"

आधी मला कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तसाच ओसरीत गेलो, खाटेच्या काठावर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. गिटार, मोबाइल, मेण, सगळं.

बाबा ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अन् मी तं तुह्या मायले सांगत होतो, पोरगं समजदार निघालं, पावसाच्या आधीच सोय करून राह्यलं." मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग मले कोनतं?"

माझे डोळे भरून आले, मान वर होईना.

"रडून काहून राह्यला? वाटणी करू. बिनगाठीचं तुह्यं, गाठीचं माह्यं. जळायले गाठ चालते."

आणि खाटेवरून बोट दाखवत त्यांनी मला एकेक फाळका उचलायला लावला. आई आणि आत्या बघत उभ्या. एक फाळका फार देखणा होता, अंगभर सरळ रेषा, कडेला एकच बारीकशी गाठ. तो माझ्या हातात रेंगाळला तशी म्हणाले, "घे, तुह्या बाज्याले घे." मी तो घेतलाही. नको म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

आता अंगणात दोन ढीग आहेत. माझा पत्र्याखाली. त्यांचा भिंतीलगत, तोही मी दर रविवारी पलटवतो, कारण ते बघत असतात. पण सकाळी ते झोपेत असताना मी त्यांच्या ढिगावर तांब्याभर पाणी मारतो. हसा खुशाल! पोरकटपणा आहे हे मला ठाऊक आहे आणि त्याचीही लाजच वाटते. पण ते लाकूड वाळू नये असं वाटतं, दुसरं माझ्या हातात काय आहे?

काल चहा द्यायला गेलो तर बाबांनी ढिगाकडे हनुवटी केली. "काहून रे, माह्याच ढिगाले बुरशी कशी आली?"

मी बशी पुसत राहिलो. त्यांच्याकडे बघवलं नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "तुह्यं वाळू दे आधी. मले आयकाचं हाये."