बाहुल्याचा उजवा गुडघा

चौसाळ्याचा भागवत पोलीस झाला नव्हता, पण होणार हे त्याच्या बापानं, आप्पारावांनी, गावभर सांगून ठेवलं होतं. शेळ्या राखणारा माणूस एवढं मोठं बोलून बसला की ते खरं करणं पोराच्या गळ्यात पडतं. भागवत रोज सकाळी बूट घालून ‘ग्राउंडला’, म्हणजे भरतीच्या सरावाला, निघायचा आणि हायवेच्या पुलाच्या कठड्यावर बसून माणसं कशी चालतात ते वहीत काढायचा.

दोन वर्षांपूर्वी भरतीत, सोळाशे मीटर पळताना, त्याच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुढं दुखणं बधिर झालं आणि त्याच्यासोबत बाकीचंही बरंच. घरात तो सरळ चालायचा. भरती झाली नाही तरी तेवढी ड्युटी त्याला लागली होती.

चालणाऱ्या माणसांचं ॲनिमेशन तो फोनवर बघून शिकला. बारा चित्रांत दोन पावलं. शेवटचं चित्र पहिल्याला जोडलं की माणूस चालतच राहतो, पोचत मात्र कुठंच नाही. हे भागवतला समजावून सांगावं लागलं नाही. अडचण दुसरीच होती. त्याची सगळी माणसं छाती काढून चालायची. त्याच्या आईनं, सारजाबाईनं, एकदा फोनमध्ये डोकावून विचारलं, “ही बाई गवताचा भारा घेऊन झेंडावंदनाला कशाला निघालीय?”

मग त्यानं फोनवरून अर्ज केलेल्या पुण्याच्या एका लहानशा ॲनिमेशन स्टुडिओनं परीक्षा म्हणून चाल मागवली. थकलेला माणूस घरी निघालाय. चित्रांत करा नाहीतर बाहुल्यात. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा, जमलं तर कामाला या. ज्याला स्वतःचा गुडघा लागत नाही असं हे एकच काम भागवतच्या माहितीत होतं.

कागदावरचा थकलेला माणूस पुन्हा परेडलाच गेला. म्हणून शनिवारी त्यानं गणपतीत उरलेल्या शाडूचा वीतभर बाहुला केला, आत बांधकामाची तार घालून. पाय जरासा उचलायचा, फोटो काढायचा, पुन्हा जरासा. वाकवून वाकवून रविवारी दुपारी बाहुल्याच्या उजव्या गुडघ्यातली तार तुटली. भागवतनं तिथं दुहेरी तार गुंडाळली, तर गुडघा वाकेनाच. मग तो पाय बाहेरून फिरवून पुढं आणावा लागला आणि बाहुल्याचं अंग डावीकडं कलायला लागलं.

फोटो ओळीनं लावून त्यानं बघितले. छाती नाही, परेड नाही. बाहुला घरी निघालेला. अशी चाल त्यानं पुलावर कुणाचीच काढली नव्हती. रस्ता मोकळा असला की तो स्वतःच असा चालायचा.

चार वाजले होते. एक शेळी व्यायला झाली होती म्हणून आप्पाराव त्या दिवशी लवकर घरी आले होते. आप्पाराव शेळी विकत घेताना दात नंतर बघायचे. आधी म्हणायचे, दहा पावलं चालवून दाखव. पाय दुखरा दिसला की भावसुद्धा न विचारता पुढं. आष्टीच्या बाजारात त्यांना बघून व्यापारी लंगडी शेळी खाली बसवायचे.

“काय बघतोस रं?” म्हणत त्यांनी फोन हातात घेतला. बाहुला त्यांच्यासमोर तीनदा चालून गेला.

“ह्याचा उजवा गुडघा गेलाय.”

“मातीचा हाय आप्पा. तार तुटलती.”

“आन मातीला डावीकडं कलायला कुणी शिकवलं?”

भागवतनं फोन मागायला हात पुढं केला, आप्पारावांनी दिला नाही.

“ऊठ. त्या लिंबापर्यंत चाल. दहा पावलं.”

भागवत उठला. तीन पावलं सरळ पडली, सवयीनं. मग त्याला सरळ चालायचा नुसता कंटाळा आला. चौथं पाऊल बाहुल्यासारखं पडलं, पुढची सगळी तशीच.

“कवापासून?” आप्पारावांनी विचारलं.

“दोन वर्सं.”

“मग रोज सकाळी कुठं जातोस?”

“पुलावर.”

“काय हाय पुलावर?”

“माणसं चालत्यात.”

आता आप्पाराव बाजारातल्यासारखे पुढं निघून जातील, असं भागवतला वाटलं. ते तिथंच उभे राहून फोनकडं बघत होते.

“हे बसून करायचं काम हाय का?”

“बसूनच.”

“मग नीट कर. दुखरा पाय टेकला की मान जरा वर जाती. शेळीची जाती, तुझी बी गेली. ह्या मातीच्या बाबाची जागची हालत न्हाई.”

“गावात काय सांगायचं आप्पा?”

“गावाला मी बोललतो. मी बघतो.”

भागवतनं बाराही फोटो पुन्हा काढले. पाय टेकताना मान गव्हाच्या दाण्याएवढी वर. आप्पाराव शेजारी उकिडवे बसून “आता” म्हणाले की तो फोटो घ्यायचा. पाचला आठ मिनिटं असताना चाल पुण्याला गेली.

आता आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, म्हणून भागवत थोडा वेळ थांबला. काही वाटलं नाही. आतून सारजाबाईनं चहाला हाक मारली. तो उठला आणि लंगडत आत गेला.